गाडी पिकप घेत नाही? आधी आरपीएमचा काटा बघा

मांडवी पूल ओलांडून पर्वरीचा चढ लागला की गोव्यातल्या गाड्यांची खरी परीक्षा होते. पणजीच्या गर्दीत जिच्यात काही खोट जाणवली नव्हती, ती गाडी इथे पाय पूर्ण दाबूनही चाळीसच्या पुढे सरकत नाही. मागून बसवाला हॉर्न मारतो, आपण गुपचूप डावीकडे घेतो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन सांगतो, "पिकप नाही हो गाडीला." मेकॅनिक मान डोलावतो. एअर फिल्टर बदलतो, प्लग बदलतो, पेट्रोलच्या टाकीत ओतायला कसलीतरी बाटली देतो. बिल होतं, आणि चढावर गाडी तशीच.

यात मेकॅनिकचा दोष अर्धाच. ही तक्रार इतकी ढोबळ आहे की तिच्यात वीसेक वेगवेगळे बिघाड सहज मावतात, आणि त्यातले काही तर इंजिनात नसतातच. म्हणून गॅरेजात जाण्याआधी एक गोष्ट स्वतः बघून ठेवायची. पाय दाबला तेव्हा आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, काटा काय करत होता?

काटा सरसर वर गेला, इंजिन ओरडलं, पण स्पीड वाढला नाही, तर इंजिन बहुधा ठणठणीत आहे. त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. काटा वर चढायलाच तयार नसेल तर एक तर इंजिन ताकद काढत नाही, नाहीतर कुठलं तरी चाक धरलेलं आहे. आणि काटा दर वेळी अडीच-तीन हजारांवर येऊन अडत असेल, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही पेटला असेल, तर गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःहून लगाम आवळलेला असतो. या तिन्हींपैकी आपली गाडी कुठली, एवढं नीट सांगता आलं तरी निम्मं निदान झालं. ज्या छोट्या गाड्यांना आरपीएम मीटर नाही तिथे कानांवर भरवसा ठेवा: आवाज चढतो आणि वेग चढत नाही, की दोन्ही चढत नाहीत?

काटा वर, गाडी तिथेच

ही खूण क्लचची. खात्री करायला मोकळा सपाट रस्ता शोधा, चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या स्पीडला पाय एकदम पूर्ण दाबा. काटा आणि स्पीड जोडीने वाढले पाहिजेत. काटा टुणकन हजारभराने उडाला आणि स्पीड जागेवरच राहिला तर क्लच प्लेट घसरते आहे. सोबत जळका, नाकात जाणारा वास येतो आणि क्लच पेडल अगदी वर आल्याशिवाय गाडी उचलत नाही.

गोव्यात क्लच जळायची एक खास जागा म्हणजे फेरीबोटीचा धक्का. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाताना ओहोटी असली की उताराचा लांब, निसरडा भाग उघडा पडतो. बोटीतून बाहेर पडताना पुढची गाडी अडलेली असते, मागे स्कूटरवाले घाई करत असतात, आणि आपण हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरतो. प्लेट आणि फ्लायव्हील तेवढा वेळ एकमेकांवर घासत राहतात. हँडब्रेक ओढून थांबायचं, पुढची गाडी हलली की सोडायचं, इतकं केलं तरी प्लेट कितीतरी जास्त टिकते.

एएमटी, म्हणजे स्वतःच गिअर बदलणाऱ्या, गाडीत क्लच नसतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. असतो, फक्त तो दाबायचं काम पायाऐवजी एक यंत्रणा करते. तिथे प्लेट बदलल्यावर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) लावून कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. ते राहिलं तर नव्या प्लेटवरही गाडी झटके देते आणि मालक विनाकारण गिअरबॉक्सला शिव्या घालतो.

चाक धरलेलं असेल तर

इंजिन ओढतंय, पण गाडी जड लागते, पाय काढला की लगेच मंदावते, ॲव्हरेजही पडलंय. अशा वेळी इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक बघा. आपल्याकडच्या पावसात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवलेली गाडी निघताना मागून 'टक्' असा आवाज करते, तो ड्रमला गंजून चिकटलेले ब्रेक शू सुटल्याचा. कधी कधी ते पूर्ण सुटत नाहीत. समुद्रालगतच्या गावांत खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना गंजतात आणि पॅड डिस्कला घासत राहतात.

दहा-पंधरा मिनिटं, शक्य तितके कमी ब्रेक मारत गाडी चालवा. मग थांबून चारही चाकांच्या जवळ हात न्या. रिमला किंवा डिस्कला लावू नका, चटका बसेल. एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर दुखणं सापडलं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, हँडब्रेक नको. टायरमधली हवा कमी असली तरी गाडी जड लागते, ते तर पाच मिनिटांचं काम.

इंजिनच दम धरत नाही

पेट्रोल इंजिनाला हवा लागते, इंधन लागतं, वेळेवर ठिणगी लागते आणि जळालेला धूर बाहेर जायला वाट लागते. यातलं एकही कमी पडलं की पिकप गेला. गंमत अशी की यात सगळ्यात जास्त लागणारी वस्तू पेट्रोल नाहीच. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढतं, आणि ती सगळी एका कागदी फिल्टरमधून.

हा फिल्टर बघायला मेकॅनिक लागत नाही. बहुतेक गाड्यांत काळा प्लास्टिकचा डबा असतो, चार-पाच क्लिपा किंवा दोन-चार स्क्रू. साखळीच्या एका गॅरेजात असा डबा उघडताना मी उभा होतो. वरून फिल्टर बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. तो उचलला तर खालच्या बाजूला नारळाच्या सोडणाचा काथ्या, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, कुरतडलेल्या दोन सुपाऱ्या, आणि फिल्टरच्या घड्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. गाडीचा मालक जहाजावर नोकरीला, गाडी सगळा पावसाळा माडाखाली उभी. उंदरांनी तिथे संसार थाटला होता. घर सोडताना त्यांनी सेन्सरच्या वायरीही सोलून ठेवल्या होत्या. नुसता फिल्टर बदलून ती गाडी सुधारली नसती. जहाजावर जाणाऱ्या तारवट्यांच्या घरी उभ्या राहणाऱ्या गाड्यांबाबत मी तर म्हणेन, पिकपची तक्रार आली की पहिल्यांदा बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या शोधा, मग बाकीचं.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यात लाल धूळ जास्त. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचं जे अंतर दिलेलं असतं ते चांगल्या रस्त्यांसाठी; धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर बदला असं त्याच पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ती ओळ कोणी वाचत नाही.

हवा ठीक असेल तर इंधन. पंप टाकीत असतो, आणि नेहमीच्या पेट्रोल गाडीत तो तीन-चार बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. पंप थकला किंवा फिल्टर तुंबला तर गंमत अशी होते की फोंड्याच्या बाजारात गाडी छान चालते, कारण तिथे मागणीच थोडी. चोर्ला घाटात केरीच्या बाजूने चढायला लागलं की इंजिन जास्त पेट्रोल मागतं, पंपाला ते पुरवता येत नाही आणि गाडी दम सोडते. सपाटीवर आली की पुन्हा शहाण्यासारखी. म्हणून पेट्रोलचा दाब उभ्या गाडीत, नुसत्या आयडलला मोजून "पंप ओके" म्हणण्याला फारसा अर्थ नाही. रेस दिल्यावर, लोडवर दाब टिकतो का ते बघायचं. कायम रिझर्व्हवर गाडी फिरवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवत असतं.

आता इथेनॉल. ई-२० पेट्रोलमुळे पिकप गेला असं आज प्रत्येक नाक्यावर ऐकू येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात ती तूट सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते, आणि कॉम्प्युटर थोडं जास्त इंधन सोडून ती भरून काढतो. त्यामुळे ॲव्हरेज कमी मिळतं हे खरं. पण काल नीट चालणारी गाडी आज चढावर बसली, तर त्याचं कारण नुसतं इथेनॉल नसतं. इथेनॉलचा खरा त्रास दुसरा आहे. ते पाणी शोषून घेतं. टाकीत पाणी बरंच गेलं तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. शिवाय जुन्या टाकीत साचलेला गाळ ते सुटा करतं आणि तो फिल्टरला जाऊन बसतो. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग ई-२० चा विचार करून केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या नळ्या अधूनमधून तपासून घेतलेल्या बऱ्या. जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेत दमट हवा राहते.

ठिणगीचा बिघाड ओळखायला सोपा: गाडी 'मिसिंग' करते. रेस दिली की धडधडते, झटके खाते, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू वेगात पाय दाबला की थरथरते. चारपैकी एक सिलिंडर काम करत नाही आणि उरलेले तीन त्याचं ओझं वाहतात. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरतं. धुलाईवाल्याने हौसेने इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं तर भर उन्हाळ्यातही होतं. साधे निकेलचे प्लग तीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला येतात, इरिडियमचे बरेच जास्त चालतात.

कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) खराब की प्लग, हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. स्कॅनरने पहिला सिलिंडर मिस करतो असा बिघाडाचा कोड दिला, पी ०३०१, तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची पहिल्यावर. कोड खोडून गाडी फिरवा. कोड आता पी ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइल गेली. पहिल्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा आतलं काहीतरी. या युक्तीला पैसे लागत नाहीत, आणि चारही कॉइल बदलण्याचा खर्च वाचतो. ही युक्ती न करता "सगळ्याच बदलून टाकू" म्हणणाऱ्या मेकॅनिकला नाही म्हणायला लाजू नका.

मिसिंग करणारी गाडी महिनोन्महिने तशीच पळवू नये, कारण तिथून पुढचं दुखणं जन्माला येतं. न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर, धुरातलं विष कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी सिरॅमिकची जाळी तापून वितळते आणि वाट बंद होते. चुलीचं धुराडं कोंडलं की कितीही लाकडं सारा, जाळ धरत नाही. इंजिनाचं अगदी तेच होतं. सुरुवातीला गाडी बरी उचलते, मग जसजसा धूर साचतो तसतशी बसत जाते, काटा एका आकड्यापुढे जात नाही आणि सायलेन्सरमधून येणारा झोत क्षीण लागतो. गॅरेजात याची परीक्षा अशी: कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. अडीच हजार आरपीएमला तिथे दाब ०.२ बारच्या वर जात असेल तर पुढे वाट तुंबली आहे.

कन्व्हर्टर महाग असतो, कारण आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात. म्हणून काही गॅरेजवाले "आतला माल काढून टाकतो, पिकप मस्त येईल" असं सुचवतात. पिकप येतो हे खरं. पण मागचा सेन्सर लगेच पी ०४२० ची, म्हणजे कन्व्हर्टर काम करत नसल्याची, तक्रार करतो, धूर विषारी होतो, ते कायद्यातही बसत नाही, आणि काढलेल्या मालाची किंमत तुमच्या बिलातून वजा झालेली मी अजून पाहिलेली नाही.

कॉम्प्युटरने आवळलेला लगाम

जुन्या गाडीत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत केबल जायची. ती ताणली गेली किंवा तुटायला आली की पिकप जायचा. केबल ओढून दिली की काम झालं. आताच्या गाडीत पेडल म्हणजे फक्त एक संदेश आहे. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघेही पाय किती दाबला ते वेगवेगळं कळवतात. कॉम्प्युटर दोघांची साक्ष ताडून बघतो आणि मग एक छोटी मोटर थ्रॉटलची झडप उघडते. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर कॉम्प्युटर धोका पत्करत नाही. चुकून पूर्ण रेस लागली तर अपघात व्हायचा, म्हणून तो ताकद कापतो आणि घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाता येईल एवढीच ठेवतो. याला लिम्प मोड म्हणतात.

झुआरी पुलावर किंवा हायवेला हे झालं तर घाबरून पेडल बडवत बसू नका. चारही इंडिकेटर लावा, डावीकडे सुरक्षित जागी या, तापमानाचा काटा बघा. इंजिन तापलं असेल तरही कॉम्प्युटर ताकद कापतो. तेव्हा गाडी बंद करा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. तापमान ठीक असेल तर चावी काढून मिनिटभर थांबून पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा गाडी पूर्ववत होते. त्यामुळे बिघाड गेला असं समजू नका, कोड कॉम्प्युटरच्या आठवणीत राहिलेला असतो. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, हिरवट पडलेल्या पिना, ढिला अर्थिंग, मरायला टेकलेली बॅटरी, यातलं काहीही लिम्प मोड आणू शकतं, म्हणून पेडल असेंब्ली किंवा थ्रॉटल बॉडी नवी घ्यायच्या आधी कनेक्टर काढून साफ करून बघायला सांगा.

आणि हो, पायाखालचं कापड बघा. पावसात आपण मॅटवर वर्तमानपत्रं अंथरतो, वर अजून एक मॅट टाकतो. तो सगळा गोळा सरकून पेडलच्या खाली जातो आणि पेडल पूर्ण दबतच नाही. हे वाचून हसू येईल, पण तपासायला दोन सेकंद लागतात.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलमध्ये ठिणगी नाही. तिथला पिकप मुख्यतः टर्बोचा. टर्बो दाबून भरलेली हवा रबरी नळ्यांतून ती थंड करणाऱ्या इंटरकूलरला आणि तिथून इंजिनात जाते. नळी चिरली किंवा क्लिप ढिली झाली की पाय दाबल्यावर 'फुस्स' असा आवाज येतो, मागे काळा धूर निघतो आणि गाडी ओढत नाही. नळीच्या जोडावर हात फिरवून बघा, इंजिन थंड असताना: तेलकट ओल लागली तर तिथून हवा सुटते आहे. काही गाड्यांत टर्बोचं नियंत्रण पेन्सिलपेक्षा बारीक रबरी व्हॅक्यूम नळीवर असतं. ती वाळून तडकली की टर्बो कामच करत नाही. अशा गाडीला "टर्बो गेला, नवा घाला" असं सांगितलं जातं, आणि खरं दुखणं त्या क्षुल्लक नळीचं निघतं. पी ०२९९ हा कोड टर्बोचा दाब कमी आहे एवढंच सांगतो, टर्बो मेला असं तो म्हणत नाही.

थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तरी काळा धूर आणि मंद गाडी. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी साचतं, ते काढायला खाली स्क्रू असतो. पावसाळ्यात तो अधूनमधून सोडून पाणी काढावं.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, आणि तो गोव्याला फारसा मानवत नाही. काजळी जाळायला धूर खूप तापावा लागतो, त्यासाठी हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात गाडी चालावी लागते. आपलं अख्खं राज्य उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. पर्वरीहून मुलाला शाळेत सोडायचं, पणजीत ऑफिस, संध्याकाळी परत, यात इंजिन धड तापतही नाही. डीपीएफचा दिवा लागला की त्याच दिवशी पेडण्यापर्यंत किंवा काणकोणच्या दिशेने एक लांब फेरी मारा. दिवा लागूनही आठवडाभर फिरवलीत तर गाडी लिम्प मोडमध्ये जाते आणि मग वर्कशॉपमध्येच काजळी जाळून घ्यावी लागते. रोजचा प्रवास असाच दहा किलोमीटरचा असेल तर डिझेल गाडी घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

आणखी एक, जरा कडू. छोट्या टर्बो डिझेलला १,८००-२,००० आरपीएमच्या खाली जोर नसतो, तो तिचा स्वभाव आहे. अनमोड घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारावर गाडी रेटायची आणि मग पिकप नाही म्हणायचं, याला कुठलाच मेकॅनिक औषध देऊ शकत नाही. गिअर उतरवा.

स्कॅनर काय बोलतो

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लागणारे ब्लूटूथचे छोटे स्कॅनर आता स्वस्तात मिळतात आणि मोबाइलवर वाचता येतात. नुसता कोड वाचून भाग बदलणं हा मात्र महागडा छंद आहे. कोडपेक्षा चालू गाडीचे आकडे जास्त बोलतात.

त्यातला एक मॅप, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. आपण समुद्रसपाटीवर राहतो, त्यामुळे पणजीत इंजिन बंद, चावी ऑन असताना हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत आयडलला तो तीस-चाळीसवर येतो. आता शेजारी कुणाला तरी मोबाइल धरून बसवा आणि चढावर पाय पूर्ण दाबा. आकडा परत नव्वद-पंच्याण्णवच्या वर गेला पाहिजे. सत्तरवर अडला तर हवेची वाट कुठेतरी अडली आहे किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. पंच्याण्णव दाखवूनही गाडी मेलेलीच असेल तर हवेचा पिच्छा सोडा; इंधन, ठिणगी किंवा सायलेन्सरकडे वळा.

दुसरा आकडा फ्युएल ट्रिम. धुरात ऑक्सिजन उरला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, ट्रिम अधिक होतो. पेट्रोल जास्त झालं की कमी करतो, ट्रिम उणा. दहा टक्क्यांच्या आत इकडेतिकडे चालतं. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला अधिक वीस आणि रेस दिल्यावर शून्याजवळ आला तर न मोजलेली हवा कुठून तरी शिरते आहे, रबरी नळ्या तपासा. उलट आयडलला नीट आणि चढावर अधिक पंचवीस होत असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पंप किंवा फिल्टर. नाहीतर एमएएफ सेन्सर मळून हवा कमी मोजतोय. दोन्ही वेळा कोड एकच येऊ शकतो, पी ०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. औषध मात्र निराळं.

हा बिघाड नव्हे

चोर्ल्याच्या माथ्यावर, साधारण आठशे मीटर उंचीवर, हवा विरळ असते आणि बिनटर्बोचं इंजिन तिथे आठ-नऊ टक्के ताकद गमावतं. एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर खातो. हजार सीसीच्या गाडीत पाच जण, डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामान आणि एसी चालू, यात गाडी दमली तर तिचं काही चुकलेलं नाही. चढापुरता एसी बंद करा.

हेड उतरवायच्या आधी

वरचं सगळं तपासून झालं, तरी काटा चढत नाही, तेव्हा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का याचा, प्रश्न येतो. टायमिंग चेन ताणून एखादा दात सुटला असेल, व्हॉल्व्ह जळला असेल, रिंगा झिजल्या असतील. मागच्या पावसात गाडी तुंबलेल्या पाण्यातून काढताना बंद पडली होती का, हेही आठवून सांगा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना सेल्फ मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं इंजिन कधी कधी नंतर चालूही राहतं, पण एका सिलिंडरमध्ये लंगडत.

कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर मोजायचे, इंजिन गरम, प्लग सगळे काढलेले, पाय पूर्ण दाबलेला. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडे साधारण दहा ते तेरा बारच्या घरात असतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांत फार फरक नसावा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर गळती रिंगांतून, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून. ही तपासणी तासाभराची, आणि इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. "इंजिन काम निघालंय" असं कुणी म्हणालं तर आधी चारही सिलिंडरचे आकडे, ऑइल घालण्याआधीचे आणि नंतरचे, कागदावर लिहून मागा.